नकलेची रुजुवात

जिल्ह्याच्या ठिकाणी ज्यांचे आयुष्य सरकारी कचेऱ्यांच्या सान्निध्यात गेले, त्यांना नकलेविषयी इतर जनांइतका तिटकारा वाटत नाही. सिंधुदुर्गनगरी हे तर असे गाव आहे की, ज्याचा निम्मा व्यवहार नकलांवरच चालतो. देवगडकडील कलमांच्या बागेचा सातबारा असो, दोडामार्गाच्या भावकीतील वाटपाचा फेरफार असो, अथवा मालवणातील एखाद्या घरजागेच्या जुन्या तंट्याचा निवाडा असो, त्याचे अस्सल दप्तरखान्यात बस्त्यात बांधून पडलेले असते आणि अर्ज देऊन, फी भरून, दोन हेलपाटे घालून पक्षकाराच्या पदरी जी पडते ती त्याची नक्कल. तिच्या तळाशी नक्कल करणाराची सही असते, तिची अस्सलाशी रुजुवात घेणाराची सही असते, वर मोहोर असते. आणि एवढे संस्कार झाले म्हणजे ती अस्सलबरहुकूम मानली जाऊन न्यायाधीशासमोर निर्भयपणे उभी राहू शकते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने हा अधिकार तिला दिला, आणि १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियमानेही तो काढून घेतलेला नाही. असे असता, दिवसभर नकलांवर सह्या करणारा तोच कारकून संध्याकाळी कुडाळच्या बाजारात मोबाइलचा चार्जर घेताना दुकानदारास मोठ्या साशंकतेने विचारतो की, "ओरिजनल आहे ना?" कचेरीत ज्याला नक्कल पुरते त्याला बाजारात अस्सल का लागावे, याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. दोन वस्तू ओळखू न येण्याइतक्या सारख्या असल्या, तर त्यांतील एकीस अस्सल म्हणवून घेण्याचा अधिकार नेमका कशाने प्राप्त होतो, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी फार पूर्वी, आणि तोही ध्वनीच्याच संदर्भात, अत्यंत बारकाईने चर्चिलेला आहे.

माझ्यापुढे तो प्रश्न उभा राहिला तो मात्र कोणत्याही ग्रंथामुळे नव्हे, तर एका लहानशा प्लॅस्टिकच्या पेटीमुळे. येथील वसाहतीतील एक तरुण डबलबारीच्या भजनांना कीबोर्डची साथ करतो आणि उरल्या वेळात संगणकावर स्वतःच्या चाली रचीत बसतो. त्याने काही महिन्यांपूर्वी बेहरिंगर कंपनीचे 'टीडी-३' नावाचे यंत्र मागविले, आणि ते घरी आल्याचा आनंद ओसरण्यापूर्वीच मुंबईच्या कोणा मित्राने फोनवरून त्याला सांगितले की, ही डुप्लिकेट आहे, खरी वस्तू म्हणजे रोलंडची 'टीबी-३०३'. पोराचा चेहरा उतरला. "काका, आवाज तर तोच आहे, मग खोटं काय?" असे त्याने मला विचारले, आणि संगीताच्या यंत्रांपैकी मला पायपेटीपलीकडे फारसे कळत नसताही त्याच्या प्रश्नातील 'तोच' हा शब्द मला स्वस्थ बसू देईना.

ज्या मूळ यंत्राची ही प्रतिकृती, त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. जपानमधील रोलंड कंपनीसाठी तादाओ किकुमोतो या अभियंत्याने त्याची रचना केली आणि ते १९८१ च्या अखेरीस विक्रीस आले; म्हणजे ज्या वर्षी १ मे रोजी रत्नागिरीपासून विभक्त होऊन आमचा जिल्हा अस्तित्वात आला, त्याच वर्षाचे ते अपत्य होय. एकट्यादुकट्या गिटारवादकाजवळ खर्जाची साथ करणारा बेस गिटारवाला नसेल, तर त्याची उणीव या यंत्राने भरून काढावी, एवढाच त्याचा हेतू होता. तो हेतू पार फसला. बेस गिटारच्या तारेचा जो भरीव, मांसल नाद, त्याच्या जवळपासही या यंत्राचा किरकिरा, रबरासारखा ताणला जाणारा ध्वनी जाईना, आणि त्यात स्वरक्रम भरण्याची पद्धत इतकी जाचक होती की स्वर निराळे आणि त्यांचा काळ निराळा भरावा लागे. सुमारे दहा हजार नग काढून १९८४ मध्ये कंपनीने उत्पादन थांबविले, आणि अमेरिकेत ३९५ डॉलरांना विकले जाणारे हे यंत्र जुन्या मालाच्या दुकानांत मातीमोलाने पडून राहिले. तेथून ते शिकागोच्या काही तरुणांच्या हाती लागले. गिटारची नक्कल करण्याचा नाद सोडून देऊन त्यांनी, स्वरक्रम वाजत असतानाच त्याच्या खुंट्या पिळीत राहण्याचा स्वैर प्रयोग केला, आणि १९८७ मध्ये 'फ्यूचर' या त्रयीची 'ॲसिड ट्रॅक्स' ही ध्वनिमुद्रिका निघताच एका नव्या नृत्यसंगीताचा जन्म झाला. आज तीच टाकून दिलेली पेटी हजारो डॉलरांना विकली जाते.

म्हणजे जिला आपण आज अस्सल म्हणतो ती मुळात एक नक्कल होती, आणि नक्कल म्हणून ती नापास झाली म्हणूनच तिला अस्सलपण लाभले. यातील गंमत एवढ्यावरच थांबत नाही. ज्या बेस गिटारची ती नक्कल करू पाहत होती, ती बेस गिटार तरी कोठे स्वयंभू होती? लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ती बाजारात आणली ती पुरुषभर उंचीच्या, उभ्याने वाजवावयाच्या डबल बेसला सुटसुटीत पर्याय म्हणून. अशा रीतीने मुळाचे मूळ शोधीत गेलो तर नैयायिक ज्याला अनवस्था म्हणतात त्या दोषात आपण सापडतो, आणि कोठेतरी हात टेकून 'येथे अस्सल' असे म्हणावे तर ती जागा आपण आपल्या सोयीने निवडलेली असते.

ही निवड किती सोयीची असते याचे उदाहरण दूर शोधावयास नको. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात अनेक वर्षे वादक म्हणून वावरलेले चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये, म्हणजे शिकागोच्या त्या ध्वनिमुद्रिकेच्या पाच वर्षे अगोदर, याच टीबी-३०३ वर, रोलंडच्याच एका तालयंत्राच्या आणि एका मोठ्या सिंथेसायझरच्या साहाय्याने, भैरव, ललित, यमन, मालकंस इत्यादी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एचएमव्हीकडून त्यांची तबकडी काढली होती. ती खपली नाही, लोक ती विसरून गेले, आणि २०१० मध्ये परदेशी संग्राहकाच्या खटपटीने ती पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा ऐकणारे चकित झाले. कारण जे संगीत शिकागोत जन्मले असे सर्व जग मानीत होते, त्याची हुबेहूब चाल मुंबईत आधीच वाजून गेली होती. सिंग यांना नव्या संगीतप्रकाराचा जनक व्हावयाचे नव्हते; त्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची जी सोय होती ती आपल्या रागांना मानवेल, एवढे त्यांच्या कानाने ओळखले. अर्थात ती घसर म्हणजे मींड नव्हे. स्वरांतील अंतर लहान असो वा मोठे, यंत्र ते ठराविक काळातच कापते, आणि गवई मात्र कोमल ऋषभावरून षड्जावर उतरताना आपला वेळ आपण ठरवितो. पण मुद्दा असा की, शिकागोचे पोर आणि मुंबईचा हा वादक यांतील अस्सल कोण, हे कालक्रमाने ठरवावे तर एक उत्तर येते आणि परंपरेने ठरवावे तर दुसरे.

आता त्या तरुणाच्या पेटीकडे वळू. १९८९ मध्ये जर्मनीत उली बेहरिंगर यांनी स्थापिलेल्या कंपनीने २०१९ मध्ये हे यंत्र दीडशे डॉलरांच्या आसपास किमतीस बाजारात आणले. आपल्याकडे ते एखाद्या बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीत येते. मिनीमूगसारख्या १९७० च्या प्रख्यात यंत्राच्याही अशाच स्वस्त प्रतिकृती या कंपनीने काढल्या आहेत, आणि दुसऱ्याच्या बुद्धीवर आपली दुकाने थाटल्याचा आरोप तिच्यावर वरचेवर होतो. त्या आरोपाकडे मी पुढे येईन. प्रथम ध्वनीपुरते पाहावे, तर आतील मांडणी मुळास धरून आहे: एकच ऑसिलेटर, त्याची करवतीच्या दात्यांसारखी किंवा चौकोनी लहर, ती लहर तासून काढणारा फिल्टर, आणि वर त्याच सहा खुंट्या. त्या तरुणाने मला एक प्रकार मोठ्या कौतुकाने दाखविला. स्वरक्रमातील काही स्वरांवर आघात ठेवता येतो; एक आघात एकटाच आला तर तो नुसता ठसठशीत वाटतो, परंतु लागोपाठ तीन-चार आघात आले तर प्रत्येक आघात आधीच्याहून अधिक वर उसळतो. याचे कारण असे की, आघाताच्या वेळी एका कॅपॅसिटरमध्ये जो विद्युद्भार साठतो तो पुरता ओसरण्यापूर्वीच दुसरा आघात येऊन त्यावर चढतो. पहिल्याची स्मृती दुसऱ्यात उरते. वैशेषिकांनी संस्कार नावाचा एक गुण मानून त्याचे वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे तीन प्रकार केले आहेत. या निर्जीव पेटीच्या आघातास त्यांपैकी कोणत्या सदरात घालावे याचा विचार करीत मी बराच वेळ तिच्या खुंट्यांशी चाळा करीत बसलो, हे कबूल करावयास मला संकोच वाटत नाही. मुळातील हा गुण नकलेतही उतरला आहे.

मग फरक कशात? जाणकार मंडळी म्हणतात की, खालचा स्वर तितका ओला नाही, फिल्टर तितका रडत नाही, असे काही. त्यांचे कान माझ्याहून शतपट तयार असतील. तरीही या तुलनेच्या मुळाशी एक दुर्लक्षित अडचण आहे. ज्या मुळाशी रुजुवात घ्यावयाची ते मूळ तरी एक आहे काय? त्या दहा हजार नगांत प्रत्येकाच्या आतील पेच कारखान्यात हाताने जुळविलेले, प्रत्येक ट्रान्झिस्टर आपापल्या किंचित निराळ्या स्वभावाचा, आणि वर चाळीस वर्षांचे वार्धक्य; कॅपॅसिटर सुकतात, त्यांची मूल्ये बदलतात. दोन अस्सल यंत्रे शेजारी ठेवली तर तीच एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. शिवाय जे यंत्र १९८२ मध्ये नवे असताना जसे वाजत होते तसे आज तेच यंत्र वाजत नसेल, आणि ताज्या भागांची नक्कल मात्र त्या नवजात ध्वनीच्या अधिक निकट असेल, तर अस्सल कोणाला म्हणावे? येथे पुन्हा तो पुराव्याचा कायदा माझ्या साहाय्यास येतो. त्यात एक मार्मिक स्पष्टीकरण आहे की, छापणे, शिळाछाप किंवा छायाचित्र यांसारख्या एकाच क्रियेने अनेक प्रती निघाल्या असतील, तर त्यांतील प्रत्येक प्रत ही इतर प्रतींच्या मजकुराचा प्राथमिक पुरावा होय. परंतु त्या सर्व एखाद्या समान अस्सलाच्या प्रती असतील, तर त्या अस्सलाच्या मजकुराचा त्या प्राथमिक पुरावा नव्हेत. हे कलम लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही कधी सिंथेसायझर आला नसेल, पण प्रस्तुत वादाचा निवाडा त्याने अर्ध्याहून अधिक करून ठेवला आहे. रोलंडच्या कारखान्यातून निघालेले दहा हजार नग परस्परांचे प्राथमिक पुरावे आहेत हे खरे. पण त्यांतील एकही अस्सल नव्हे. अस्सल काही असेल तर ते किकुमोतो यांच्या कागदावरील आराखड्यात होते, आणि त्या आराखड्याच्या दृष्टीने पाहिले तर १९८२ चा नग आणि २०१९ चा नग हे एकाच नात्याचे, फक्त थोरले आणि धाकटे.

शब्द नित्य की अनित्य, हा वाद मीमांसक आणि नैयायिक यांच्यात शतकानुशतके चालला. मीमांसकांचे म्हणणे असे की, 'ग' हा वर्ण आज उच्चारला काय, उद्या उच्चारला काय, देवदत्ताने उच्चारला काय, यज्ञदत्ताने उच्चारला काय, ऐकणारा 'हाच तो गकार' असेच ओळखतो. तेव्हा गकार एकच व नित्य आहे, आणि कंठातून निघणारा वायू त्याला उत्पन्न करीत नाही, केवळ प्रकट करतो, जसा दिवा अंधारातील घटाला प्रकट करतो. म्हणूनच त्यांच्या मते वेदाला कर्ता नाही आणि वेदपठणाला मूळ प्रत नाही; आजचा घनपाठी जे म्हणतो ते कशाची नक्कल नव्हेच. यावर नैयायिकांचा प्रतिवाद मला अतिशय रम्य वाटतो. विश्वनाथ पंचाननांच्या मुक्तावलीत त्याचा सारांश आला आहे: 'तोच हा' ही प्रतीती व्यक्तीच्या ऐक्यावरच अवलंबून असते असे नाही, ती साजात्यावरही अवलंबून असते, जसे, 'मी घेतले तेच औषध यानेही घेतले' असे आपण म्हणतो. पहिल्याने घेतलेले औषध त्याच्या पोटात जिरून गेलेले असते. दुसऱ्याने घेतले ते दुसरेच, पण त्याच जातीचे. आपल्या देशाने हा न्याय व्यवहारात फार मोठ्या प्रमाणावर चालवून दाखविला आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषध या वस्तूवर पेटंट न देता ते केवळ बनविण्याच्या कृतीवर दिले, २००५ मध्ये कायदा बदलेपर्यंत ही सवलत टिकली, आणि तिच्या जोरावर निघालेल्या स्वस्त औषधांनी गरिबांचे प्राण वाचविले. जनऔषधी केंद्रातून रक्तदाबाची गोळी घेणारा पेन्शनर मनात किंचित धास्तावतो, हे मी पाहिले आहे. पण त्याचा रक्तदाब धास्तावत नाही, गोळीचा गुण त्याला येतोच.

कोणी शास्त्री येथे आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे, की मीमांसकांचे नित्यत्व वर्णांपुरते आहे. मृदंगासारख्या वाद्यातून निघतो तो केवळ ध्वनी, आणि ध्वनीच्या अनित्यतेविषयी दोन्ही पक्षांत वाद नाही. मग तर माझे काम अधिकच सोपे होते. वाद्याचा ध्वनी उभयपक्षी उत्पन्न होणारा आणि नष्ट होणारा ठरला, तर टीबी-३०३ चा काल वाजलेला ध्वनी आज कोठेच नाही. तिचा आजचा ध्वनीही कालच्याचा केवळ सजातीय आहे, आणि नकलेचा ध्वनीही त्याचा सजातीयच. साजात्यात थोरपणा-धाकटेपणा कोठून आणणार?

हा तर्क मी मोठ्या समाधानाने त्या तरुणाला ऐकवीत असताना त्याच्या भजनमंडळाचे बुवा तेथे आले. बुवांची पेटी जुनी आहे आणि तिचे सूर जर्मन आहेत. गुजरातेतील पालिताण्याला बनणारे सूर घातलेली पेटी ते हातात धरीत नाहीत, आणि याविषयी त्यांच्याशी वाद घालण्याच्या भरीस आमच्या भागात कोणी पडत नाही. हार्मोनियम हेच मुळी परदेशातून आलेले वाद्य, त्याला हिंदुस्थानी हातपेटीचे रूप कलकत्त्यात मिळाले, १९४० पासून तीन दशके आकाशवाणीने त्याला दारात उभे केले नाही, आणि आता त्याचाच एक भक्त त्याच्याच पोटातील पितळी पट्ट्यांच्या कुलशीलाविषयी इतका कडक व्हावा, यात मनुष्यस्वभावाचे काही तरी दडलेले आहे. मी मनात म्हटले, आता बुवा नकलेला झोडपणार. परंतु झाले ते निराळेच. तरुणाने पेटी सुरू केली, बुवांनी थोडे ऐकले, कपाळाला आठी घातली, आणि म्हणाले, "सूर खंय आसा तेचो? माझ्या पट्टीक आण आधी." त्याने बुवांच्या पेटीचा षड्ज धरून सुराची खुंटी हळूहळू फिरविली, आणि दोन सूर एकमेकांवर लहरत लहरत अखेर मिळाले. मग खर्जातील चार स्वरांचे एक आवर्तन त्याने संथपणे फिरत ठेवले. बुवांचा चेहरा उजळला. "ह्यो तर पखवाजाच्या डाव्या अंगाचो आवाज," ते म्हणाले, "ओली कणीक लावल्यासारो." शिकागोचे नावही न ऐकलेल्या त्या गृहस्थाला त्या ध्वनीत जे सापडले ते त्याच्या स्वतःच्या संस्कारातले होते. 'तोच हा' असे त्यांनीही म्हटले. पण त्यांचा 'तो' निराळा होता.

तेव्हा कानापुरता माझा निर्णय झाला: नक्कल ही अस्सलाची सजातीय आहे, आणि जो ध्वनीसाठी वस्तू घेतो त्याने डुप्लिकेट या शब्दाने खट्टू होण्याचे कारण नाही. परंतु माणूस वस्तू नुसती कानासाठी घेत नाही, आणि येथे धर्माचा अनुभव दर्शनशास्त्राहून अधिक समंजस आहे असे मला दिसते. सिंधुदुर्ग किल्ल्यात, ज्याची पायाभरणी १६६४ मध्ये झाली, शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा म्हणून चुन्यात उमटलेला ठसा दाखवितात. त्या ठशाची उत्तम प्रतिकृती शिल्पकार सहज करील, पण तिच्यापुढे कोणी हात जोडणार नाही. कारण भाविकाला पंजाचा आकार नको असतो, एका विशिष्ट व्यक्तीचा स्पर्श हवा असतो, आणि स्पर्श सजातीय होऊ शकत नाही. उलट, आमच्याच घरोघरी नागपंचमीच्या सुमारास गणपतीच्या शाळेत पाट पोचतो आणि मूर्तिकाराला निरोप जातो की, दरवर्षीसारखीच मूर्ती हवी, तोच आकार, तीच बैठक, सोंडेचे तेच वळण. गेल्या वर्षीची मूर्ती तर ओहोळात विरघळून गेली; तरीही नवी मूर्ती तिची नक्कल आहे असे आजवर कोणत्याही सुज्ञाने म्हटले नाही. चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा होते आणि त्या क्षणापासून ती आपल्या परीने पूर्ण असते. धर्माने या दोन भावना एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत. जेथे व्यक्तीचे माहात्म्य आहे तेथे त्याने ठसा जपला, आणि जेथे रूपाचे माहात्म्य आहे तेथे त्याने दरवर्षी नवी माती मळली.

बाजार मात्र हा विवेक पाळीत नाही. जुन्या टीबी-३०३ साठी जे हजारो डॉलर मोजले जातात ते ठशाचे मोल आहे, अमक्या काळी, अमक्या लोकांच्या हातून ती गेली याचे. पण विकणारा ते ध्वनीचे मोल म्हणून सांगतो, आणि घेणाराही आपली समजूत तशीच घालून घेतो. ज्याला ठसा हवा त्याने ठसा म्हणून खुशाल घ्यावा. पूजेला माझी हरकत नाही. पण ज्या तरुणाला मूर्ती बसवावयाची आहे त्याला ठशाच्या किमतीने लाजविणे हा मात्र अन्याय आहे.

आता त्या आरोपाकडे येऊ, कारण तो ध्वनीचा नसून धर्माचा आहे. दुसऱ्याने आयुष्य वेचून केलेली रचना उचलून स्वस्तात विकावी, हे बरे काय? कायद्याने पाहता त्यात फारसे हाशील नाही. पेटंटची मुदत ठराविक असते, मूग यांच्या फिल्टरला १९६९ मध्ये मिळालेले पेटंट केव्हाच संपले, आणि रोलंडने तर हे अपत्य १९८४ मध्येच टाकून दिले होते. परंतु मुदत संपली म्हणजे ऋण फिटले असे होत नाही. आपल्या धर्मशास्त्राने मनुष्याच्या डोक्यावर जी तीन ऋणे सांगितली त्यांतील ऋषिऋणाची व्यवस्था येथे लागू पडते असे मला वाटते, आणि ती व्यवस्था सावकारी कर्जाहून अगदी निराळी आहे. देवाचे ऋण यज्ञाने, पितरांचे संततीने. पण ऋषींचे ऋण ऋषींना काही परत करून फिटत नाही, ते अध्ययनाने फिटते. शिकावे, आणि शिकलेले पुढे द्यावे. ज्याने विद्या दिली त्याच्याकडे तिचे व्याज पोचवावे लागत नाही. ती विद्या खुंटू मात्र द्यावयाची नाही. या कसोटीवर स्वस्त नकलेचा पहिला गुण तिच्या बाजूचा आहे: जी विद्या श्रीमंत संग्राहकांच्या काचेच्या कपाटात अडकून बसली होती ती तिने सिंधुदुर्गनगरीसारख्या गावातील पोराच्या हातात आणून ठेवली.

मात्र ती हातात ठेवली, डोक्यात नव्हे, आणि माझी खरी तक्रार येथे सुरू होते. कोकणातील पावसाळ्यात यंत्रांचे काय होते हे सांगावयास नको. ओल, बुरशी आणि समुद्राकडील खारी हवा मिळून तांब्याला हिरवा गंज चढवितात. पहिल्या पावसाळ्यानंतर त्या तरुणाच्या पेटीची एक खुंटी खरखरू लागली, म्हणून आम्ही ती कुडाळला एका जुन्या मेस्त्रींकडे नेली, ज्यांनी हयातभर रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त केले आहेत. त्यांनी पाठ उघडली, भिंग लावले, आणि भिंग खाली ठेवले. आतील पाटीवर तीळ सांडावेत तसे सुटे भाग यंत्राने चिकटविलेले होते. त्यांचा डाख आमच्या कोणाच्याही हाताने सुटण्याजोगा नव्हता, आणि कोणता तीळ कशासाठी आहे हे वरून समजण्याची सोय नव्हती. जुन्या यंत्राची छायाचित्रे तरुणाने मोबाइलवर दाखविली. त्यांत प्रत्येक भाग आपल्या दोन-तीन पायांवर उभा, पाय पाटीच्या भोकातून आरपार गेलेले, एक मेला तर तेवढा उपटून दुसरा रोवता येईल असा. मेस्त्रींनी ती छायाचित्रे बोटांनी मोठी करून फार वेळ पाहिली.

टीकाकारांचा कान ज्या भेदाच्या शोधात असतो तो ध्वनीत नाही. तो येथे, पाठीच्या झाकणाखाली आहे. जुन्या यंत्राचा जीर्णोद्धार होऊ शकतो. त्याचा एक एक अवयव बदलला तरी ते टिकते, आणि बदलणारा माणूस बदलता बदलता शिकतो. अशा वस्तूचा वारसा चालतो. नव्या यंत्राला जीर्णोद्धार नाही, त्याला फक्त पुनर्खरेदी आहे. ते अस्सलाइतकेच गोड वाजते, पण आपल्या पोटातील विद्या कोणाला सांगत नाही, आणि बंद पडले की मुकेपणीच कचऱ्यात जाते. ऋषिऋण फिटावयाचे तर वस्तू उघडता आली पाहिजे. या दृष्टीने मला त्या घराण्यातील सर्वांत सुलक्षणी संतान कोणते वाटते म्हणाल, तर रोलंडने पुढे स्वतःच काढलेली नवी आवृत्तीही नव्हे आणि बेहरिंगरची नक्कलही नव्हे, तर लिमोर फ्रीड या अमेरिकन अभियंता बाईंनी २००५ च्या सुमारास सिद्ध केलेला 'झॉक्सबॉक्स'. कारण त्याचा संपूर्ण आराखडा त्यांनी सर्वांस खुला केला, आणि ज्याला यंत्र हवे त्याने सुटे भाग जमवून ते आपल्या हातांनी डाख देत उभारावे अशी योजना ठेवली. तीही नक्कलच, पण ती करणाराला गुरुगृही बसवते.

तरुणाने आता तो आराखडा छापून आणला आहे. त्यात एक अडचण निघाली: मुळात ध्वनीची पातळी सांभाळणारी जी एक चिप होती ती कारखान्यांनी केव्हाच बंद केली, तेव्हा तिच्या जागी दुसरी, तिच्यासारखीच, बसवावी लागेल. पोर पुन्हा चिंतेत पडले की, मग ते मुळासारखे राहील का. मेस्त्रींनी कागद दिव्याखाली पसरला, चष्मा पुसला, आणि त्या चिपच्या चौकोनात जाणाऱ्या व त्यातून निघणाऱ्या रेषांवर पेन्सिलीने आकडे घालीत विचारले, "हिचां काम काय ता आधी सांग माका."